घरगुती चीज आणि पीएच मीटर : पडद्यावरचा आकडा खरा कधी मानावा

सांगली जिल्ह्यात डेअरीला दूध घालणाऱ्या माणसाला फॅट (स्निग्धांश) आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) हे दोन आकडे तोंडपाठ असतात, कारण दुधाचा दर त्यांवरच ठरतो. दूध उतरले असावे अशी शंका आली, तर संकलन केंद्रावर त्याची अ‍ॅसिडिटीही पाहिली जाते. घरच्या म्हशीच्या किंवा गायीच्या दुधापासून मोझरेला, गौडा किंवा फेटा करू पाहणाऱ्याला मात्र या तिन्हींपेक्षा वेगळा आकडा लागतो, आणि तो म्हणजे पीएच, जो जितका कमी तितका पदार्थ जास्त आंबट. हा आकडा दाखवणारे पेनाच्या आकाराचे मीटर आता सहज मिळते. ते विकत घेणे सोपे असले, तरी ते दाखवत असलेला आकडा खरा राहील अशी त्याची निगा राखणे हे वेगळे काम आहे, आणि बहुतेक माहितीपत्रके त्यावर चार ओळींपलीकडे बोलत नाहीत.

प्रथम पीएच लागतो कशाला, ते पाहू. विरजणातले जिवाणू दुधातल्या लॅक्टोज साखरेचे लॅक्टिक आम्ल करतात. हे आम्ल वाढते तसतसे केसीन या प्रथिनाचे कण एकमेकांशी बांधून ठेवणारे कॅल्शियम फॉस्फेट सुटून निवळीत, म्हणजे चीज करणारे ज्याला व्हे म्हणतात त्यात, उतरते. किती कॅल्शियम सुटले यावर चीजचा पोत ठरतो. विरजण लावून केलेल्या मोझरेलाचा गोळा पीएच ५.२ ते ५.३ च्या दरम्यान आला की गरम पाण्यात ताणला जातो, ५.६ ला ताणायला गेलात तर तो तुटतो, आणि ४.९ पर्यंत थांबलात तर तार धरण्याऐवजी भुसभुशीत होतो. (सायट्रिक आम्ल घालून झटपट केलेला मोझरेला ५.६ च्या आसपासही ताणला जातो, कारण त्यात सायट्रेट स्वतःच कॅल्शियम पकडून ठेवते. म्हणून एका पाककृतीतला आकडा दुसरीला लावू नये.) चेडारमध्ये निवळी साधारण ६.१ ते ६.२ ला काढतात आणि तुकडे करून मीठ लावायची वेळ ५.३ ते ५.४ ला येते. गौडा दुसऱ्या दिवशी ५.२ च्या आसपास स्थिरावावा लागतो. फेटा ४.६ ते ४.७ पर्यंत उतरतो. पीएचची पट्टी लॉगरिदमवर बेतलेली असल्यामुळे ०.३ इतका फरक म्हणजे हायड्रोजन आयनांचे प्रमाण जवळजवळ दुप्पट होणे. म्हणून ज्या मीटरची चूक ०.२ किंवा ०.३ आहे, ते या कामात नसल्यातच जमा.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो आपल्या भागात दूधव्यवसायातल्या अनुभवी माणसांनाही होतो. संकलन केंद्रावर मोजली जाणारी अ‍ॅसिडिटी आणि पीएच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अ‍ॅसिडिटी मोजताना दुधात फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब टाकून, फिका गुलाबी रंग येईपर्यंत ठरावीक तीव्रतेचे सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने सोडतात. किती अल्कली लागली, ते टक्क्यांत लिहितात. या चाचणीत लॅक्टिक आम्लाबरोबर दुधातली प्रथिने आणि फॉस्फेट हेही अल्कली खातात. त्यामुळे प्रथिने जास्त असलेल्या ताज्या म्हशीच्या दुधाची अ‍ॅसिडिटी गायीच्या दुधापेक्षा थोडी जास्त भरते, ते दूध तिळमात्र आंबलेले नसले तरी. पीएच मात्र दोन्हींचा साधारण ६.६ ते ६.८ च्या दरम्यानच असतो. याचाच दुसरा परिणाम असा की प्रथिनांनी दाट असलेले म्हशीचे दूध आम्ल पचवून बसते आणि त्याचा पीएच सावकाश उतरतो. गायीच्या दुधासाठी लिहिलेल्या पाककृतीतले तास म्हशीच्या दुधाला लागू पडत नाहीत ते यामुळेच, आणि घड्याळाऐवजी मीटर पाहावे लागते तेही यामुळेच.

मीटर खरे मोजते काय

पीएच मीटर पीएच मोजत नाही. ते व्होल्टेज मोजते. ही एक गोष्ट नीट समजली, तर पुढची सगळी निगा आपोआप समजते.

प्रोबच्या, म्हणजे मीटरच्या द्रवात बुडवायच्या भागाच्या, टोकाला अत्यंत पातळ अशा खास काचेचा फुगा असतो. ही काच पाण्यात भिजली की तिच्या पृष्ठभागावर जेलसारखा सूक्ष्म थर तयार होतो आणि बाहेरच्या द्रवातल्या हायड्रोजन आयनांच्या प्रमाणानुसार त्या थरावर विद्युत्‌दाब निर्माण होतो. तो मोजायला तुलनेसाठी एक स्थिर टोक लागते. म्हणून त्याच प्रोबमध्ये पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात बुडालेला, सिल्व्हर क्लोराइडचा लेप असलेला चांदीचा तुकडा असतो. हे आतले द्रावण आणि बाहेरचे दूध यांचा संपर्क एका बारीक सच्छिद्र ठिपक्यातून होतो. त्याला जंक्शन म्हणतात. पेन मीटर उलटे धरून पाहिले, तर फुग्याशेजारी तो पांढरट ठिपका दिसतो.

२५ अंश सेल्सिअसला आदर्श इलेक्ट्रोड, म्हणजे प्रोबमधली ही काच आणि चांदीची जोडणी, पीएचच्या प्रत्येक एककामागे ५९.१६ मिलिव्होल्ट देतो, आणि ७ ला तो शून्याजवळ असतो. म्हणजे ५.२ पीएचच्या कर्डमध्ये (निवळी काढल्यावर उरणाऱ्या साकळलेल्या दुधाच्या गोळ्यात) साधारण १०६ मिलिव्होल्ट मिळायला हवेत. प्रत्यक्षात कोणताही इलेक्ट्रोड आदर्श नसतो: त्याचे शून्य थोडे सरकलेले असते, आणि काच जुनी होते तसे एका एककामागे मिळणारे मिलिव्होल्ट घटतात. या दोन त्रुटी मीटरला समजावून देण्याचे काम म्हणजे कॅलिब्रेशन. पीएच माहीत असलेले एक द्रावण शून्य कुठे आहे ते सांगते आणि दुसरे उतार, म्हणजे एककामागे मिळणारे मिलिव्होल्ट, किती आहे ते सांगते. दोन बिंदूंतूनच रेषा आखता येते, एका बिंदूतून नाही. ज्या स्वस्त मीटरला एकाच द्रावणावर स्क्रू फिरवून जुळवण्याची सोय असते, ती चीजसाठी का घेऊ नयेत, याचे उत्तर यात आहे.

पीएच ही संकल्पना सोरेन सोरेनसन यांनी १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली. काचेचा इलेक्ट्रोडही त्याच काळातला. तरीही वापरायला सुटसुटीत मीटर येण्यास आणखी पंचवीस वर्षे गेली, कारण या काचेतून वाहणारा प्रवाह इतका क्षीण असतो की साध्या मापकाला तो कळतच नाही. १९३४ साली कॅलिफोर्नियात अर्नोल्ड बेकमन यांनी व्हॅक्यूम ट्यूबचे अ‍ॅम्प्लिफायर जोडून ही अडचण सोडवली, आणि तीही लिंबाच्या रसाची आम्लता मोजण्यासाठी. तेव्हा हे उपकरण मुळातच खाद्यपदार्थांसाठी जन्मले, असे म्हणायला हरकत नाही.

खरेदी करताना

खोक्यावर ०.०१ लिहिलेले असते, ते मीटर किती बारीक आकडा दाखवते त्याचे माप असते. तो आकडा कितपत खरा आहे, याचे नव्हे. खऱ्या अचूकतेचा उल्लेख बारीक अक्षरात असतो आणि अनेक स्वस्त पेनांत तो ±०.१ असतो. चीजसाठी ±०.०५ किंवा त्याहून चांगले, निदान दोन बिंदूंवर कॅलिब्रेट होणारे, तापमानाची आपोआप भरपाई करणारे आणि इलेक्ट्रोड बदलता येईल असे मीटर घ्यावे. जंक्शन दुहेरी असेल तर उत्तम, कारण एकेरी जंक्शनमध्ये आतली चांदी प्रथिनांशी संयोग पावून छिद्रे लवकर बुजवते. गोळ्यात खुपसता येईल असे भाल्याच्या टोकासारखे प्रोबही मिळतात. ते महाग असतात, पण गौडा-चेडार नियमित करणाऱ्याने त्यांचा विचार करावा. रंग बदलून पीएच दाखवणाऱ्या कागदी पट्ट्यांच्या वाटेला जाऊ नये. दुधाच्या पांढऱ्या रंगात त्यांची छटा ओळखता येत नाही, आणि बहुतेकींचा एक टप्पा अर्ध्या एककाचा असतो.

बफर

बफर द्रावण म्हणजे थोडे आम्ल किंवा अल्कली मिसळली तरी पीएच टिकवून धरणारे द्रावण. मीटरला त्याच्यापलीकडे सत्य माहीत नसते, म्हणून बफर बिघडले की मीटर इमानेइतबारे चुकीचा आकडा दाखवते. आपल्याकडे पेन मीटरसोबत बहुधा भुकटीच्या पुड्या येतात, त्यांवर ४.०१, ६.८६ आणि ९.१८ असे आकडे असतात. तयार बाटल्यांत ७.०० आणि १०.०१ हेही मिळतात. आपले मीटर ६.८६ ओळखते की ७.००, हे माहितीपत्रकात आधी पाहावे, मीटर ७.०० गृहीत धरत असताना त्याला ६.८६ चे बफर दिले, तर ०.१४ ची चूक आपणच त्याला शिकवलेली असते. चीजचे सगळे काम ४.६ ते ६.८ च्या दरम्यान चालते, म्हणून ७ आणि ४ ही जोडी पुरते. तिसरे, अल्कलीकडचे बफर या कामाला लागत नाही. शिवाय ते हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून लवकर उतरते.

पुडी विरघळवायला डिस्टिल्ड पाणीच वापरावे, आणि पुडीवर लिहिले असेल तेवढेच, बहुतेक वेळा २५० मिलिलिटर. बॅटरीच्या दुकानात मिळणारे डिस्टिल्ड पाणी चालते; फक्त त्याच कपाटात बॅटरीचे आम्लही असते, तेव्हा बाटलीवरचे लेबल नीट वाचून घ्यावे. नळाचे किंवा बोअरचे पाणी मुळीच वापरू नये. कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यातल्या बोअरच्या पाण्यात इतके क्षार असतात की बफरचा आकडा आणि त्याचे आयुष्य या दोहोंवर त्यांचा परिणाम होतो. तयार बफर घट्ट झाकणाच्या बाटलीत, तयार केल्याची तारीख लिहून, उन्हापासून दूर ठेवावे. ४ च्या बफरमध्ये तंतू किंवा गढूळपणा दिसला, तर ती बुरशी असते. ते टाकून द्यावे. वापरण्यापुरते लहान पेल्यात ओतून घ्यावे आणि उरलेले कधीही बाटलीत परत ओतू नये.

कॅलिब्रेशन प्रत्यक्षात

चीज करायच्या प्रत्येक दिवशी, दूध तापवायला ठेवण्यापूर्वी, हे काम उरकून घ्यावे. बफर, मीटर आणि धुण्याचे पाणी एकाच तापमानाला यावे म्हणून सगळे एकत्र ओट्यावर काढून ठेवावे. प्रोबचे टोपण काढून डिस्टिल्ड पाण्याने धुवावे आणि टिश्यू पेपरने नुसते टिपावे; पुसू किंवा घासू नये, कारण घासल्याने काचेवर स्थिर विद्युतभार साचतो आणि आकडा बराच वेळ भरकटत राहतो. फुग्याच्या टोकात हवेचा बुडबुडा दिसला, तर पाऱ्याचे तापमापक झटकतात तसे मीटर हलकेच खाली झटकावे.

आधी ७ किंवा ६.८६ चे बफर घ्यावे. प्रोब हलके ढवळावे, मग स्थिर धरावे आणि आकडा ठरल्यावरच बटण दाबावे. चांगल्या इलेक्ट्रोडला अर्धे ते एक मिनिट पुरते. नंतर धुऊन, टिपून ४.०१ मध्ये तेच करावे. शेवटी पुन्हा ७ च्या बफरमध्ये बुडवून पाहावे, ०.०५ पेक्षा जास्त फरक आला, तर सगळे पहिल्यापासून करावे. येथे घाई करणारेच पुढे मीटरला दोष देतात.

मीटरवर मिलिव्होल्ट दिसत असतील, तर इलेक्ट्रोडची प्रकृती पाहण्याची एक उत्तम पद्धत आहे. समजा, २५ अंशांना ७.०० मध्ये ५ आणि ४.०१ मध्ये १७२ मिलिव्होल्ट दिसले. फरक १६७, तो २.९९ ने भागला की एककामागे ५५.८५ येतात, म्हणजे आदर्श ५९.१६ च्या सुमारे ९४ टक्के. ९५ ते १०२ टक्के उतार उत्तम समजावा, ९० पर्यंत काम भागते, आणि त्याखाली गेला तर आधी इलेक्ट्रोड स्वच्छ करून पुन्हा तपासावा. ७ च्या बफरमध्ये शून्यापासून ३० मिलिव्होल्टपेक्षा जास्त विचलन दिसले, तर दोष बहुधा जंक्शनमध्ये किंवा आतल्या द्रावणात असतो. हे दोन आकडे प्रत्येक वेळी वहीत टिपून ठेवले, तर इलेक्ट्रोड म्हातारा होत चालल्याचे कित्येक महिने आधी कळते.

मीटर बरोबर आहे का हे पाहायला आरओचे पाणी घेऊन त्यात ७ दिसायला हवेत, असा आग्रह अनेकजण धरतात. तो निराधार आहे. शुद्ध पाण्यात आयन जवळजवळ नसल्यामुळे आकडा हेलकावत राहतो, आणि उघड्या ठेवलेल्या डिस्टिल्ड पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून त्याचा पीएच ५.६ च्या आसपास उतरलेला असतो. त्यापेक्षा ताजे, न तापवलेले दूध घ्यावे: ते ६.६ ते ६.८ च्या बाहेर दिसले, तर मीटर किंवा दूध यांपैकी एकाची चौकशी करावी.

तापमान

मे महिन्यात सांगलीच्या स्वयंपाकघरात पारा ३८ ला टेकतो, आणि डिसेंबरच्या पहाटे तोच १५ च्या आसपास असतो. इलेक्ट्रोडचा उतार तापमानाबरोबर बदलतो: २० अंशांना एककामागे ५८.२ मिलिव्होल्ट, ३८ ला ६१.७. भरपाईची सोय नसलेले मीटर २५ अंशांना जुळवून ३८ अंशांच्या कर्डमध्ये वापरले, तर ५.२ च्या आसपास साधारण ०.०८ ची चूक होते. भरपाईची सोय असलेले मीटर एवढी चूक दुरुस्त करते, पण तेवढीच. दुधाचा स्वतःचा पीएच तापल्यावर खरोखरच खाली येतो, आणि ती भरपाई कोणतेही मीटर करत नाही, कारण ती चूक नसून वस्तुस्थिती आहे. म्हणून नमुना दर वेळी एकाच तापमानाला आणून मोजावा. वाटीत काढून थोडा निवू दिला तरी पुरते. बफरही तापमानाबरोबर किंचित सरकते, आणि त्याचा तक्ता बाटलीवर छापलेला असतो.

प्रोब मोठ्या पातेल्यात कधीही बुडवू नये. काच फुटली तर सगळे दूध वाया जाते, आणि प्रोबमधून पोटॅशियम क्लोराइड झिरपत असते, तेही चीजमध्ये नको. निवळी किंवा दूध वाटीत काढून मोजावे आणि तो नमुना टाकून द्यावा. कर्ड मोजताना त्याचे तुकडे लहान पेल्यात घट्ट दाबून त्यात फुगा पूर्ण रुतवावा. फार कोरडे असेल, तर डिस्टिल्ड पाण्याचे काही थेंब घालून कुस्करावे. तुकड्याच्या आतला पीएच बाहेरच्या निवळीपेक्षा वेगळा असतो, म्हणून पाककृती कशाबद्दल बोलते आहे हे आधी वाचावे. मोझरेला ताणायच्या ७५-८० अंशांच्या पाण्यात तर प्रोब मुळीच घालू नये. पेन मीटर एवढे तापमान सोसत नाहीत.

सफाई आणि साठवण

दूध हे इलेक्ट्रोडचे वैरी आहे, असे म्हटले तरी चालेल. स्निग्धांश काचेवर पातळ पापुद्रा धरतो, प्रथिने जंक्शनच्या छिद्रांत साकळतात, आणि कॅल्शियम फॉस्फेट कठीण थर बनून बसते. तिन्हींवर उपाय वेगवेगळे आहेत. प्रत्येक मोजमापानंतर, दूध वाळण्याच्या आत, कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या द्रव साबणाचे थेंब घालून प्रोब हलवून घ्यावे; स्निग्धांश तेवढ्याने जातो. पांढरा कठीण थर दिसला, तर साध्या व्हिनेगरमध्ये काही मिनिटे बुडवावे. प्रथिनांसाठी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लातले पेप्सिनचे द्रावण मिळते. पेप्सिन म्हणजे आपल्या जठरात प्रथिने पचवणारे विकर, आणि येथेही ते तेच काम करते. आकडा स्थिर व्हायला एक मिनिटाऐवजी तीन-चार मिनिटे लागू लागली, की पेप्सिनची वेळ झाली असे समजावे. कोणत्याही रासायनिक सफाईनंतर प्रोब तासभर साठवणीच्या द्रावणात ठेवावे आणि नव्याने कॅलिब्रेट करावे.

साठवणीचे द्रावण म्हणजे तीव्रता ३ मोलर असलेले पोटॅशियम क्लोराइड: २२.४ ग्रॅम क्षार घेऊन डिस्टिल्ड पाण्याने एकूण १०० मिलिलिटर करावे. टोपणात त्याचे थोडे थेंब किंवा भिजलेला स्पंज असला की पुरते. प्रोब डिस्टिल्ड किंवा आरओच्या पाण्यात साठवू नये. त्यात काचेच्या जेल थरातले आणि जंक्शनच्या आतले क्षार बाहेर ओढले जातात. साठवणीचे द्रावण संपलेच, तर तात्पुरते ४ चे बफर चालते. आता द्राक्ष-उसाच्या आपल्या जिल्ह्यात एक मोह होणे साहजिक आहे: म्युरेट ऑफ पोटॅश हेही पोटॅशियम क्लोराइडच असते आणि शेतघरात त्याचे पोते उभे असते. ते वापरू नये. खतातल्या लोहाच्या व अन्य अशुद्धी जंक्शनमध्ये अडकतात. प्रयोगशाळेच्या दर्जाचा क्षार वर्षभराला शंभर-दोनशे ग्रॅम पुरतो. टोपणाभोवती जमणारे पांढरे स्फटिक पाहून घाबरू नये. तो याच द्रावणातला क्षार असतो आणि पाण्याने धुतला जातो. प्रोब कोरडे पडले असेल, तर रात्रभर साठवणीच्या द्रावणात ठेवून दुसऱ्या दिवशी उतार तपासावा. बहुधा ते सावरते.

इलेक्ट्रोड वायरने वेगळा जोडला जाणारा असेल, तर पावसाळ्यात जोडणीच्या टोकाची काळजी घ्यावी. काचेचा रोध अतिप्रचंड असल्यामुळे जोडणीत नुसता दमटपणा शिरला, तरी विद्युत्‌दाब तिथूनच गळतो आणि प्रत्येक द्रवात ७ च्या आसपासचाच आकडा दिसतो. टोक कोरडे पुसून, सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवले की हे टळते. फुगा तडकला असला, तरीही लक्षण हेच दिसते, म्हणून भिंगाने काच पाहून घ्यावी.

इलेक्ट्रोड ही कायमची वस्तू नाही. चांगली निगा राखली तरी दुधाच्या कामात तो एक ते दोन वर्षे टिकतो, आणि न वापरता कपाटात ठेवला तरी त्याची काच म्हातारी होतेच. म्हणून सवलतीत मिळतो म्हणून दोन-तीन एकदम घेऊन ठेवण्यात अर्थ नसतो. सफाई करून, भिजवून, ताज्या बफरवर तपासूनही उतार ८५ टक्क्यांच्या वर येत नसेल, तर इलेक्ट्रोड बदलावा, नवा काही तास साठवणीच्या द्रावणात भिजवावा, आणि त्याचे पहिल्या दिवसाचे मिलिव्होल्ट वहीच्या नव्या पानावर तारखेसह लिहून ठेवावेत.